चवड्याखाली

"आई, आपला क्लच असा का लागतो गं?"

रविवारी दुपारी लेक गाडी घेऊन वारज्याला मैत्रिणीकडे गेली होती. परत आल्यावर किल्ली टेबलावर ठेवता ठेवता तिने हे विचारलं. असा म्हणजे कसा, ते तिला नीट सांगता येईना. कडक आहे का? कडक तर आहेच. आवाज येतो? आवाज नाही. मग? तिने मूठ वळून हात हवेत हळूहळू खाली नेला, मध्यावर जरा थरथरवला आणि पुढे नेला. "इथे. इथे काहीतरी खरखरतं. पावसाळ्यात फुगलेला ड्रॉवर ओढताना लागतं ना, तसं." लायसन्स मिळून तिला जेमतेम चार महिने झालेत. मी म्हटलं, तू ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकलीस, तिचा क्लच मऊ होता, म्हणून तुला आपला वेगळा लागतोय. ती "असेल" म्हणाली आणि आत निघून गेली. त्या 'असेल'मध्ये पटल्याचा सूर नव्हता. रात्री झोपताना मला तिची ती हवेतली मूठ पुन्हा दिसली, मध्यावर थरथरलेली.

सोमवारी ऑफिसला निघाले ती सगळं लक्ष डाव्या पायात ठेवून. गाडी 2012 सालची, आणि तेव्हापासून जवळजवळ रोज मीच चालवते. कर्वेनगर ते शिवाजीनगर अंतर फार नाही, पण सकाळी साडेनऊला कर्वे पुतळ्यापासून पुढे गाडी चालवायची म्हणजे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. डोक्यावरून मेट्रो निघून जाते आणि आपण खाली खांबांच्या सावलीत हाफ क्लचवर सरकत असतो. त्या दिवशी मी मोजायचं ठरवलं. बिल्डिंगच्या गेटपासून क्लच किती वेळा दाबला जातो ते. गरवारे कॉलेजपाशी एक रिक्षा आडवी आली आणि 112 वर मोजणी चुकली. 112 वेळा मी ते पेडल दाबलं होतं, प्रत्येक वेळी चवड्याखाली काय होतंय ते कान देऊन ऐकावं तसं ऐकत.

मला काहीच लागलं नाही.

संध्याकाळी परत येताना बूट काढून, नुसत्या मोज्यावर चालवून पाहिलं. तरी नाही. पेडल खाली जात होतं, वर येत होतं, गिअर पडत होते. मग मी एक वेगळाच प्रयत्न केला: गाडी नवी होती तेव्हा हा क्लच कसा लागायचा ते आठवायचा. शोरूममधून गाडी घरी आणतानाची संध्याकाळ आठवते, सीटवरच्या प्लॅस्टिकचा वास आठवतो, बोनेटवर काढलेलं हळदीकुंकवाचं स्वस्तिक आठवतं. क्लच आठवत नाही. पायाला कालचा क्लच ठाऊक असतो. कालच्यापेक्षा आज केसभर जड झाला तर पाय केसभर जास्त जोर लावतो आणि तक्रार करत नाही. असे किती केस जमा झाले असतील बारा-तेरा वर्षांत? लेक महिन्यातून दोनदा गाडीला हात लावते, म्हणून तिला कळलं. मी रोज चालवते, म्हणून मला कळलं नाही. हे मला लागलं, खरं सांगायचं तर. गाडीची काळजी मी मनापासून घेते. आणि मी एका ड्रायव्हरची मुलगी आहे.

अण्णा एसटीत होते. स्वारगेट डेपो, 1974 ते 2006. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला नगरहून पुण्याला आली आणि अण्णांचा जन्मही त्याच सालचा. ही गोष्ट ते आजही दर दोन-तीन महिन्यांनी कुणाला ना कुणाला सांगतात आणि सांगताना ताठ बसतात. मे महिन्याच्या सुट्टीत ते मला कधीकधी महाडच्या गाडीला घेऊन जात. भोर सोडलं की वरंधा घाट. मी त्यांच्या मागच्या सीटवर, दांडीला धरून, पुढे वाकून बसायची. इंजिनवरच्या झाकणाची धग गुडघ्यांना लागायची, डिझेलचा वास नाकात बसायचा आणि माझी नजर खिडकीबाहेरच्या दरीपेक्षा त्यांच्या डाव्या पायावर जास्त असायची. तो पाय अनवाणी असे. चप्पल सीटखाली सरकवलेली. आणि प्रत्येक गिअरला तो पाय दोनदा दाबायचा. एकदा दाबून गिअर न्यूट्रलला, पाय वर, खालचा गिअर टाकायचा असला तर मध्येच ॲक्सिलरेटरला एक हलका फटका, मग पुन्हा पाय खाली आणि गिअर आत. धप्प, धप्प. दोनदा का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "पहिल्यांदा जुना सोडायला, दुसऱ्यांदा नवा धरायला." पुढे मला कळलं की त्या गिअरबॉक्समध्ये फिरणाऱ्या दात्यांचे वेग ड्रायव्हरलाच जुळवून घ्यावे लागत. आताच्या मोटारींत ते काम आतल्या पितळी कड्या करतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण 'सोडायला आणि धरायला' हे त्यांचं उत्तर मला अजूनही पुस्तकी उत्तरापेक्षा जास्त कळतं.

त्या पायानेच पुढे त्यांचा गुडघा खाल्ला. बत्तीस वर्षं जड क्लच, दिवसाला कितीतरी शे वेळा. डॉक्टर वयाचं कारण देतात. वय तर दोन्ही गुडघ्यांना सारखंच आहे, आणि दुखतो तो डावा.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा टाकून गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. पांढऱ्या शर्टातल्या मुलाने माझं बोलणं लिहून घेतलं, गाडी मागच्या गल्लीतून एक चक्कर फिरवून आणली आणि म्हणाला, "मॅडम, क्लच सेट संपलाय. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारी चकती, तिला स्प्रिंगने दाबून धरणारी दुसरी चकती आणि पेडल दाबलं की तो दाब सोडवणारं बेअरिंग. कागदावर अकरा हजारांचा आकडा आला. मी विचारलं, प्लेट घसरते आहे का? तो म्हणाला, ऐंशी हजार किलोमीटर झालेत मॅडम, गेलेलीच असणार. चूक म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ऐंशी हजारांनंतर प्लेट संपणं अगदीच शक्य. मला खटकलं ते एवढंच, की मी त्याला पेडलमध्ये काय लागतं ते सांगत होते आणि तो मला मीटरमधले किलोमीटर सांगत होता. लेकीने सांगितलेली खरखर त्याच्या कागदावर कुठेच उतरली नाही.

कारण प्लेट संपल्याची लक्षणं वेगळी असतात, आणि ती मला माहीत आहेत. क्लच अगदी वर, पाय जवळजवळ उचलून झाल्यावर उचलायला लागतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र तेवढी पळत नाही. आणि वास. पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडाच्या घाटात ज्यांनी गाडी अडकवली आहे त्यांना तो वास सांगावा लागत नाही. वरपर्यंत गाड्यांची रांग, पुढची गाडी हातभर सरकली की आपण हातभर सरकायचं, हँडब्रेक कुणी लावत नाही, सगळे क्लचवर गाडी तोलून धरतात. ओली माती, भाजलेलं कणीस, कांदाभजी, या सगळ्यांच्या खालून मग तो वास वर येतो. जळका, कडवट, घशात बसणारा. दोन चकत्या एकमेकींवर घासून प्लेटचं अस्तर भाजलं जात असतं. तिथेच मी लेकीला सांगितलं होतं की क्लच हा एकतर पूर्ण दाबायचा किंवा पूर्ण सोडायचा, मधे मुक्काम करायचा नाही. आमच्या गाडीला तो वास नव्हता. चांदणी चौकाच्या चढावर दुसऱ्यावर गाडी सुरेख ओढत होती. मी अकरा हजारांचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले.

अण्णांना मी काही सांगितलं नव्हतं. लेकीनेच सांगितलं. संध्याकाळी मी चहा टाकत होते तेव्हा ते काठी घेऊन दारात उभे. "चल खाली." पार्किंगमध्ये वॉचमनकडचं प्लॅस्टिकचं स्टूल मागून घेतलं, ड्रायव्हरकडचं दार सताड उघडलं आणि दाराशी बसले. "इंजिन बंद आहे ना? बंदच ठेव." मग पुढे वाकून त्यांनी उजव्या हाताचा तळवा क्लचच्या पेडलवर ठेवला. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा आधी नुसताच ठेवला. रबरावरचे झिजलेले आडवे पट्टे अंगठ्याने पाहिले. मग दाबायला लागले. इंच, दीड इंच, आणि तिथे थांबले. "हं." पुन्हा सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा तिथेच "हं". पुढे मात्र ते पेडल जाईना. त्यांनी दुसरा हात वर ठेवला, खांद्यातून जोर लावला, मानेवरच्या शिरा दिसल्या, तरी पेडल तळाला गेलं नाही. मी दिवसातून तीन-चारशे वेळा सहज दाबते ते पेडल. ते हात बाजूला घेऊन काही क्षण स्टिअरिंगकडे बघत राहिले. मी फोनमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

मग म्हणाले, "तुझा हात ठेव."

मी गुडघ्यावर बसले आणि तळवा ठेवला. हळू दाब, म्हणाले, अजून हळू. आणि लागलं. दीड इंचावर, तळव्याच्या मांसल भागाला, अगदी बारीक कुरकुर. कागदी पिशवीवरून नख ओढावं तशी. एक, दोन, तीन बारीक टिचक्या, मग मोकळं, मग थोडं जड. पायाने ज्यावरून कित्येक महिने नुसतं चालून जाणं केलं होतं, ते हाताला पहिल्याच फेरीत सापडलं. माझ्या अंगावर काटा आला. लेकीची मूठ नेमकी याच जागी थरथरली होती. अण्णा म्हणाले, "इंजिन बंद आहे. म्हणजे आत फिरत काही नाही. तरी खरखरतंय. मग बेअरिंगला कशाला दोष द्यायचा? वायर बघायला सांग."

आमची गाडी जुन्या पद्धतीची, वायरवर चालणारी. शोरूमवाले केबल म्हणतात, गॅरेजात ती वायरच. आता बऱ्याच गाड्यांना हायड्रॉलिक क्लच असतो. पेडल तेलावर दाब टाकतं आणि तेल पुढचं काम करतं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या गाडीचा तसा क्लच मागे बिघडला होता. तिचं पेडल स्पंजावर पाय ठेवल्यासारखं आत जायचं आणि कधीकधी खालीच राहायचं, पायाच्या बोटाने उचलून वर आणावं लागे. तेलात हवा शिरली होती आणि सिलिंडरचा वायसर गेला होता. तिथे खरखर नसते, तिथे पाय बुडतो. आणि शेजारच्या जोशीकाकूंसारखे लोक तर क्लचच्या पेडलातून सुटलेच आहेत. 2014 मध्ये सेलेरिओ आली तेव्हापासून लहान गाड्यांतही क्लच आपला आपण दाबला जायला लागला. आत प्लेट तीच, प्रेशर प्लेट तीच, फक्त दाबणारं यंत्र वेगळं. कर्वे रोडवर रोज संध्याकाळी मला त्या सोयीचा हेवा वाटतो. पण तशी गाडी घ्यायची म्हटलं की माझं मन अडतं आणि त्याचं कारण मला अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही.

शनिवारी सकाळी कॅनॉल रोडजवळच्या गॅरेजात गेले. पत्र्याची शेड, बाहेर तीन स्कूटर उघड्या पडलेल्या, रेडिओ चालू. मिस्त्री साठीचे असतील. मी सगळं सांगितलं, अगदी ड्रॉवरपासून. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बसा ताई, बघू काय म्हणतीये ती," आणि बोनेट उघडलं. पुढचा पाऊण तास मी बसले नाही, त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले. आधी त्यांनी पेडल बोटाने हलवून प्ले, म्हणजे ताण येण्याआधीची मोकळी हालचाल, पाहिला. बोटभर होता, तेवढा पाहिजेच. मग इंजिन चालू करून क्लच दाबला, सोडला, दाबला. दाबल्यावर घरघर आली असती तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर आली असती तर गिअरबॉक्सच्या आतलं काहीतरी. दोन्ही वेळा शांत. मग क्लच दाबून चार आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. कर्र झालं नाही, म्हणजे क्लच पूर्ण सुटतोय. मग हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, गाडी चौथ्यात घालून क्लच सोडला. इंजिन एक गचका खाऊन जागच्या जागी बंद. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "प्लेट धरतीये ताई. घसरत असती तर हे चालूच राहिलं असतं. अजून वर्षभर बघायला नको."

आणि मग शेवटची गोष्ट, जी मला फार आवडली. त्यांनी बॅटरीखाली हात घालून गिअरबॉक्सच्या बाजूने वायर लिव्हरमधून सोडवली. आता वायरचं एक टोक मोकळं, प्रेशर प्लेटची ताकदवान स्प्रिंग तिच्यावर नाही. पोऱ्याला सांगितलं, दाब. खरखर असती प्लेटच्या बाजूला, तर आता पेडल लोण्यासारखं गेलं असतं. पेडल गेलं ते कुरकुरतच. जोर नाही, ओझं नाही, तरी त्याच जागी त्याच तीन टिचक्या. एक नट सैल करून त्यांनी दुखणं दोन भागांत कापलं होतं आणि ते अलीकडच्या भागात सापडलं होतं. दहा मिनिटांत वायर बाहेर आली. पेडलच्या आकड्यापासून वीतभर अंतरावर, जिथे ती वळण घेऊन आत शिरते तिथे, तारांचा पीळ फुलला होता. तुटलेली टोकं बाहेर आलेली, चामखिळीवरच्या केसांसारखी ताठ, आणि आतल्या नळीच्या अस्तरात त्यांनी चर पाडलेले. प्रत्येक दाबाला तार त्या वळणावर वाकणार आणि सरळ होणार. 112 वेळा गरवारे कॉलेजपर्यंत, परत येताना तेवढंच, तेरा वर्षं. एक तार तुटली की तिचा भार उरलेल्यांवर. "घाटात गेली असती ना ही, तर गिअर टाकता आला नसता," मिस्त्री म्हणाले, आणि वायर माझ्या हातात दिली. "ही घेऊन जा नाना पेठेत. असलीच मागा. लांबी हिच्याशी लावून बघा, पेट्रोलची न् डिझेलची वेगळी असते."

वायर काढलेली गाडी हलणार नव्हतीच, आणि नाना पेठेत गाडी न्यायची नाही एवढं शहाणपण तसंही पुण्यात राहून आलेलं आहे. रिक्षाने गेले. रबराचा आणि ग्रीसचा वास, हातगाड्या, वरपर्यंत लटकलेले आरसे. तिसऱ्या दुकानात वायर मिळाली. साडेसहाशे रुपये. काउंटरवर नवी आणि जुनी शेजारी शेजारी ठेवून मोजली. नवी ओढून पाहिली तर आतली तार नळीतून अशी सरकली की मला क्षणभर वाटलं, ही तुटकीच आहे.

बसवून झाल्यावर गाडी बाहेर काढताना मी दोनदा बंद पाडली. पाय तळाला धाडकन आपटायचा आणि वर येताना क्लच कुठे उचलतो ते हुकायचं. सोमवारी नळस्टॉपच्या सिग्नलला पुन्हा तेच, मागून हॉर्न. पाय जुन्या वायरीला दाबायचा तेवढाच जोर लावत होता. तो जोर किती होता, ते मला आता समजलं, तो लागेनासा झाल्यावर. रात्री पोटरीवरून हात फिरवला. डावी पोटरी उजवीपेक्षा घट्ट आहे का? मला तसं वाटलं. ती कधीपासून तशी आहे, ठाऊक नाही.

जुनी वायर अण्णांनी ठेवून घेतली. बाल्कनीत खुर्चीत बसून त्यांनी तुटलेल्या तारा अंगठ्याने वेगळ्या केल्या आणि मोजल्या. सात. लेकीला बोलावून दाखवल्या. "तुला लागली ती ही," म्हणाले. ती खाली वाकून बघत राहिली. मीही तिला सांगायचं होतं ते तेव्हा सांगितलं, की तू बरोबर होतीस आणि मी उगाच तुला उडवून लावलं.

परवाच्या रविवारी आम्ही भोरला गेलो, अण्णांच्या चुलतभावाकडे. जुन्या कात्रज घाटाने जाऊ, असा त्यांचा हट्ट. लेक चालवत होती, अण्णा तिच्या शेजारी कारण पुढे पाय लांब करता येतात, मी मागे मधोमध, दोन सीटच्या फटीतून पुढे वाकून. पाऊस नुकताच थांबला होता, काचा खाली, डोंगराकडून ओल्या गवताचा वास येत होता. पहिल्या मोठ्या वळणाआधी लेकीने तिसऱ्याचा दुसरा केला, सफाईने, गचका नाही. अण्णा रस्त्याकडे बघत होते, काही बोलले नाहीत. माझं लक्ष खाली गेलं. त्यांनी चप्पल काढून सीटखाली सरकवली होती. पुढच्या वळणाला लेकीचा डावा पाय खाली गेला आणि वर आला, आणि इकडे मॅटवर अण्णांचा डावा पाय, दुखऱ्या गुडघ्यासकट, खाली गेला, वर आला आणि पुन्हा एकदा खाली गेला.